टांचेची शीर आणि हवेचा हातोडा

आमच्या घराच्या जिन्यावर रोज सकाळीं साडेसहाला एक नवाच आवाज येऊं लागला आहे, हें प्रथम आईच्या ध्यानांत आलें. एक पाऊल वाजे, मग क्षणभर शांतता, मग कठड्याचें लाकूड करकरे, आणि त्यानंतर दुसरें पाऊल. आईचें वय चौऱ्याऐंशी. डोळ्यांनीं कमी दिसूं लागल्यापासून ती घरांतल्या सगळ्या माणसांना पावलांवरून ओळखते. "हें कोण म्हातारें माणूस उतरतें आहे?" असें तिनें विचारलें, तेव्हां वहिनींनीं स्वयंपाकघरांतून उत्तर दिलें, "म्हातारें कुठलें, सासूबाई! तुमचा नातूच आहे तो." नातवाचें वय एकोणतीस.

हा माझा पुतण्या शिरोलीच्या औद्योगिक वसाहतींतील एका ओतकामाच्या कारखान्यांत अभियंता आहे. कोल्हापूर म्हणजे अंबाबाई, गूळ आणि कुस्ती एवढेंच ज्यांना ठाऊक, त्यांनीं एकदां पंचगंगेचा पूल ओलांडून पुण्याच्या रस्त्यानें यावें. पुलाची शिरोली लागली कीं हवेला तापलेल्या वाळूचा आणि लोखंडाचा वास येऊं लागतो. मोटारी, ट्रॅक्टर, पंप यांचे सांगाडे येथें ओतले जातात. पुराच्या दिवसांत, म्हणजे २०१९ च्या ऑगस्टांत आणि पुन्हां २०२१ च्या जुलैंत, महामार्ग याच बाजूला पाण्याखालीं गेला होता. त्यामुळें बाहेरगांवच्या वाचकांनींहि शिरोलीचें नांव वर्तमानपत्रांतून वाचलें असेल. अशा कारखान्यांत अभियंता म्हटला तरी तो खुर्चीवर बसून राहत नाहीं. जमीन सिमेंटची, पायांत पुढें पोलादी वाटी बसविलेले जड जोडे, आणि आठ-दहा तास उभ्यानें किंवा चालत काम. त्यांतून आमच्या या चिरंजिवांनीं गेल्या आषाढांत मित्रांबरोबर पन्हाळगडापासून पावनखिंडीपर्यंतची दोन दिवसांची पायवाट भर पावसांत केली. सराव म्हणून त्यापूर्वी एकदांहि रंकाळ्याला फेरी मारलेली नव्हती. तिसऱ्या दिवशीं उजव्या टांचेच्या वर तीन-चार बोटांवर शीर सुजली, आणि पुढें चार महिने ती तशीच राहिली.

घरगुती उपाय सर्व झाले. तापविलेल्या विटेवर रुईचें पान ठेवून शेक झाला, तीळतेल झालें, हळदीचा लेप झाला. शेकानें बरें वाटे. पण सकाळीं अंथरुणांतून उठून पहिलीं दहा पावलें टाकतांना त्याच्या चेहऱ्यावर जी कळ दिसे, ती कांहीं कमी होईना. मग त्याच्या एका स्नेह्यानें सल्ला दिला कीं, एक इंजेक्शन घे, तीन दिवसांत मोकळा होशील. दुसऱ्यानें सांगितलें कीं, हल्लीं धक्क्याच्या लहरींचें यंत्र निघालें आहे, त्याच्या दहा बैठका एकदम घेतल्या तर सवलत मिळते.

यांतील पहिल्या सल्ल्याला मीं कडाडून विरोध केला. त्याचें कारण माझ्या डाव्या पायांत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी मलाहि हेंच दुखणें झालें होतें, आणि एका डॉक्टरांनीं शिरेजवळ स्टेरॉइडचें इंजेक्शन दिलें होतें. त्यांचें नांव घेण्याचें आज प्रयोजन नाहीं. दुखणें जादूसारखें गेलें. त्या आनंदांत मी सहाव्या आठवड्यांत बॅडमिंटन खेळावयास उतरलों, आणि मागून कोणी काठीचा तडाखा दिला असें वाटून वळून पाहिलें. मागें कोणी नव्हतें. माझीच शीर तुटली होती. शस्त्रक्रिया, प्लॅस्टर आणि सहा महिन्यांची रजा एवढें झालें. आजहि थंडींत मी किंचित् लंगडतों. इंजेक्शन घेणाऱ्या प्रत्येकाची शीर तुटते असें नव्हे. पण दुखणें हा शरीराचा पहारेकरी असतो. त्याला झोंपवून घराचीं दारें उघडीं टाकलीं, असा तो प्रकार झाला.

दुसऱ्या सल्ल्याविषयीं मात्र मला कांहींच ठाऊक नव्हतें. पुतण्या म्हणाला, "काका, तुम्ही एवढें वाचतां, तर हेंहि वाचून सांगा." म्हणून गेले कांहीं महिने जें वाचलें, ज्यांना विचारलें आणि घरांत जें पाहिलें, तें येथें मांडतों.

प्रथम ही शीर म्हणजे काय तें पाहूं. आपण जिला शीर म्हणतों ती रक्तवाहिनी नव्हे. स्नायूला हाडाशीं बांधणारा तो एक दोर आहे. सुश्रुतानें शारीरस्थानांत त्याला कंडरा म्हटलें आहे. शरीरांत अशा सोळा कंडरा मोजून त्यांतील चार त्यानें पायांच्या सांगितल्या आहेत. टांचेमागची कंडरा सर्वांत जाड. पोटरीचें सारें बळ तिच्यांतून टांचेच्या हाडापर्यंत उतरतें, आणि धांवतांना शरीराच्या वजनाच्या कित्येक पट ताण ती सोसते. हा दोर ज्या तंतूंचा विणलेला असतो, त्यांत रक्ताचा पुरवठा थोडा. म्हणून स्नायू आठवड्यांत भरून येतो, तेथें कंडरेला महिने लागतात.

या मंदपणाचा एक विलक्षण पुरावा २०१३ सालीं डेन्मार्कमधील संशोधकांनीं पुढें आणला. १९५५ ते १९६३ च्या सुमारास झालेल्या अणुबाँबच्या चांचण्यांनीं साऱ्या पृथ्वीच्या हवेंत एका प्रकारच्या किरणोत्सर्गी कार्बनाचें प्रमाण वाढविलें, आणि चांचण्या थांबल्यावर तें हळूहळू उतरलें. अन्नावाटे हा कार्बन आपल्या अंगांत येतो. तेव्हां एखाद्या अवयवांत तो किती आहे यावरून तो अवयव कोणत्या सालीं घडला हें काढतां येतें. स्नायूंचा कार्बन चालू काळाचा निघाला. टांचेच्या कंडरेच्या गाभ्याचा मात्र त्या माणसाच्या बालपणाचा आणि कुमारवयाचा निघाला. सुमारें सतराव्या वर्षापर्यंत जो गाभा घडतो, तो पुढें जवळजवळ बदलतच नाहीं. आईनें हें ऐकून विचारलें, "म्हणजे माझ्या टांचेंत अजून माहेरचेंच दूध आहे म्हण!" शास्त्राच्या भाषेंत मला याहून चांगलें सांगतां आलें नसतें.

म्हणून जुन्या कंडरेच्या दुखण्यास 'दाह' म्हणणें अलीकडे मागें पडलें आहे. सूक्ष्मदर्शकाखालीं तेथें दाहाच्या पेशी फारशा दिसत नाहींत. विस्कटलेले तंतू आणि अर्धवट राहिलेली डागडुजी दिसते. दाह शमविणारें औषध अशा ठिकाणीं तात्पुरती शांतता देतें, पण विस्कटलेली वीण तें सरळ करीत नाहीं.

आतां यंत्राची कथा. तिचा उगम वैद्यकांत नाहीं, विमानांत आहे. ध्वनीहून वेगानें जाणाऱ्या विमानावर पावसाचे थेंब आदळले तर धातूंत आंतपर्यंत धक्का पोंचतो, हें जर्मनींतील डॉर्निए या विमान कंपनीच्या अभ्यासांत आलें होतें. पाण्यांतून आणि मांसांतून धक्क्याची लहर फारशी हानि न करतां पुढें जाते आणि कठीण पदार्थाशीं आपला प्रताप दाखविते. या गुणाचा उपयोग मूत्रखडा फोडण्यास करावा अशी कल्पना निघाली, आणि फेब्रुवारी १९८० मध्यें म्युनिकच्या रुग्णालयांत क्रिस्तियान शॉसी यांनीं पहिल्या रोग्याचा खडा शरीराला न चिरतां फोडला. रोग्याला पाण्याच्या टाकींत बसवीत. पुढें १९९१ सालीं बल्गेरियांतील दोन शल्यवैद्यांनीं, न जुळणारीं मोडलेलीं हाडें या लहरींनीं जुळूं लागतात, असें प्रसिद्ध केलें. तेथून खांदा, टांच, कंडरा असा हा उपाय सरकत गेला. अमेरिकन सरकारच्या औषध खात्यानें टांचदुखीसाठीं अशा पहिल्या यंत्रास २००० सालीं मान्यता दिली.

येथें एक घोळ आहे, तो गिऱ्हाइकाला सहसा कोणी सांगत नाहीं. 'शॉकवेव्ह' या एकाच नांवाखालीं दोन भिन्न यंत्रें चालतात. एकांत विजेच्या ठिणगीनें, चुंबकाच्या बळानें किंवा स्फटिकांच्या साहाय्यानें खरी धक्क्याची लहर निर्माण करून ती कातडीखालीं ठराविक खोलीवर एका बिंदूंत आणतात. हवेच्या दाबाच्या शेंकडों पट दाब निमिषाच्याहि अंशांत चढतो आणि उतरतो. दुसऱ्यांत तसें कांहीं नसतें. एका नळींत दाबलेली हवा सोडून लोखंडी गोळी पुढें फेंकतात. ती टोंकाच्या धातूच्या बोंडावर आपटते, आणि तो ठोका कातडीवरून आंत पसरत जातो. त्याचा जोर कातडीवर सर्वांत अधिक आणि खोलवर कमी. भौतिकशास्त्राच्या काटेकोर अर्थानें ही धक्क्याची लहर नव्हेच, ती दाबाची लहर. गल्लोगल्लीं दिसतें तें बहुधा हें दुसरें यंत्र, कारण तें स्वस्त पडतें. तें निरुपयोगी आहे असें मात्र कोणी समजूं नये. टांचेची कंडरा आणि तळपाय हीं कातडीजवळच असतात, म्हणून तेथें त्याचेंहि काम होतें.

पहिल्या बैठकीला मी पुतण्याबरोबर गेलों होतों. पोटावर निजवून शिरेवर चिकट लेप लावला, कारण हवेचा पातळ थर मध्यें राहिला तर लहर तेथूनच परतते. मग ठोके सुरू झाले: सेकंदाला आठ-दहा, एकूण दोन हजार. पुतण्यानें उशींतून मान वर काढली आणि हंसून म्हणाला, "काका, हा तर आमच्या फेटलिंगचा हातोडा!" ओतीव वस्तु सांच्यांतून निघाल्यावर तिच्या कडेची जास्त धातु आणि चिकटलेली वाळू हवेच्या हातोड्यानें छिनतात, त्या कामास तेथें फेटलिंग म्हणतात. नळी तीच, दाबलेली हवा तीच, आपटणारा दट्ट्या तोच. कारखान्यांत हवेचा दाब सहा बारच्या आसपास असतो. येथें दोन-तीन बार. दुखलें मात्र बरेंच. बधिर करण्याचें इंजेक्शन मुद्दाम देत नाहींत, कारण तें दिलें तर गुण कमी येतो असें प्रयोगांत दिसलें आहे, आणि नेमकी दुखरी जागा कोणती हें सांगणारा रोग्याखेरीज दुसरा कोण?

ठोक्यांनीं आंत घडतें काय? येथें कोणीहि छाती ठोकून बोलूं नये. सशांवरील प्रयोगांत कंडरा हाडाला मिळते तेथें नवे रक्ताचे अंकुर फुटलेले दिसले. वेदना वाहून नेणारे कांहीं पदार्थ कमी होतात असेंहि आढळलें आहे. पेशींना यांत्रिक धक्का मिळाला कीं त्या पुन्हां डागडुजीस लागतात, अशी कल्पना आहे. प्राण्यांवरून माणसाकडे येतांना पूल लांब असतो.

म्हणून यंत्र कसें चालतें यापेक्षां तें चालतें कीं नाहीं हें पाहणें बरें. जर्मनींतील डॉ. रोम्पे आणि त्यांचे सहकारी यांनीं २००७ सालीं टांचेच्या शिरेचे ७५ रोगी घेतले आणि २५-२५ चे तीन गट केले. एका गटास ठराविक व्यायाम, दुसऱ्यास लहरी, आणि तिसऱ्यास 'थांबा आणि पहा'. चार महिन्यांनीं व्यायामाच्या गटांत १५, लहरींच्या गटांत १३ आणि नुसत्या थांबलेल्यांत ६ जण पूर्ण किंवा बरेच बरे झाले होते. म्हणजे महागडें यंत्र आणि फुकटचा व्यायाम यांचें पारडें जवळजवळ सारखें! दोन वर्षांनीं त्यांनींच दुसरा प्रयोग केला, त्यांत नुसत्या व्यायामानें शेंकडा ५६ आणि व्यायाम व लहरी दोन्हींनीं शेंकडा ८२ लोकांना गुण आला. माझ्या मतें सबंध विषयाचें मर्म या दुसऱ्या प्रयोगांत आहे. मात्र या रोग्यांना आपणांस कोणता उपाय मिळतो हें ठाऊक होतें, आणि ठोक्यांसारख्या भारदस्त उपचाराचा मनावर परिणाम होतोच.

हा मनाचा भाग किती मोठा असतो, तें तळपायाच्या दुखण्यावरील प्रयोगांत दिसलें. तेथें कांहीं रोग्यांना खऱ्या लहरी दिल्या आणि कांहींना यंत्र लावण्याचें केवळ सोंग केलें. जर्मनींतच २००३ सालीं प्रसिद्ध झालेल्या २७२ रोग्यांच्या प्रयोगांत खऱ्यानें शेंकडा ३४ आणि सोंगानें शेंकडा ३० बरे झाले; हा फरक नसल्यासारखाच. २००८ सालच्या दुसऱ्या एका प्रयोगांत, ठोक्यांच्या यंत्रानें, तेच आंकडे ६१ आणि ४२ असे आले. गुडघ्याच्या वाटीखालच्या शिरेचें दुखणें असलेल्या, ऐन हंगामांत खेळत राहिलेल्या व्हॉलीबॉल-बास्केटबॉलपटूंवर २०११ सालीं हॉलंडमध्यें प्रयोग झाला, त्यांत सोंगापेक्षां कांहींच अधिक लाभ दिसला नाहीं. आमच्या तालमींच्या फुटबॉलपटूंनीं हें लक्षांत ठेवावें: शनिवारीं ठोके आणि रविवारीं सामना, या बेतांत यंत्र बिचारें काय करणार?

व्यायामाची हकीकत तर मोठी गंमतीची आहे. स्वीडनमधील उमिओ गांवचे अस्थिवैद्य आल्फ्रेडसन यांना स्वतःलाच हें दुखणें होतें. शस्त्रक्रिया करावयास कोणी तयार होईना, तेव्हां शीर तुटली तर तरी करतील, म्हणून त्यांनीं ती मुद्दाम जड ताणानें छळावयास सुरुवात केली. आणि शीर तुटण्याऐवजीं बरी झाली, असें सांगतात. १९९८ सालीं त्यांनीं पंधरा धांवपटूंवर हा व्यायाम यशस्वी झाल्याचें प्रसिद्ध केलें. पायरीच्या कडेवर चवड्यांनीं उभें राहावें, चांगल्या पायानें टांचा उचलाव्या, आणि मग सारें वजन दुखऱ्या पायावर घेऊन टांच हळूहळू पायरीच्या खालीं न्यावी. गुडघा ताठ ठेवून पंधरा-पंधराचे तीन फेरे, गुडघा वांकवून तितकेच, सकाळीं आणि सायंकाळीं. रोजचे एकशेंऐशीं, आणि असे बारा आठवडे. थोडें दुखलें तरी थांबूं नये. दुखणें वर शिरेंत नसून टांचेच्या हाडाला चिकटलेल्या जागीं असेल, तर मात्र टांच पायरीखालीं नेऊं नये, सपाट जमिनीवरच करावें.

आमच्या चिरंजिवांनीं दहा बैठकांची सवलत नाकारली आणि आठवड्याला एक अशा तीनच घेतल्या. बहुतेक प्रयोगांत तीन ते पांचच असतात. दहांचा हिशेब वैद्यकाचा नसून दुकानाचा. दुसऱ्या बैठकीनंतर दुखणें वाढल्यासारखें वाटलें, तेव्हां त्याचा धीर सुटत चालला होता. लहरींचा गुण सहा ते बारा आठवड्यांनीं कळतो, हें त्याला मींच पुन्हां पुन्हां सांगत होतों आणि मनांत धास्तावत होतों. कारण एक गोष्ट मीं त्याच्यापासून लपविली होती: इंग्लंडांतील २००५ सालच्या एका लहानशा प्रयोगांत लहरी घेतलेल्या दोघांची शीर तुटली होती. ते दोघेहि साठीपुढचे होते, हा एवढाच दिलासा. वडील माणसांनीं म्हणूनच या यंत्राकडे अधिक सावधपणें पाहावें. रक्त पातळ करण्याचें औषध घेणारे, गरोदर स्त्रिया, ज्यांचीं हाडें अजून वाढत आहेत अशीं मुलें, आणि त्या जागीं गांठ किंवा जंतुदोष असलेले रोगी यांना हा उपचार देत नाहींत. मधुमेह्यांच्या कंडरा मुळांतच अशक्त होतात. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या जातीचीं जंतुनाशक औषधेंहि शीर तोडूं शकतात. अमेरिकेंत २००८ सालापासून त्यांच्या वेष्टणावर तशी ठळक सूचना छापतात. आपल्याकडे तापाला किंवा लघवीच्या विकाराला घरांत उरलेली गोळी देण्याची जी चाल आहे, तिच्यासंबंधीं एवढें पुरे.

आतां वहिनींचें. पुतण्याची वर्दळ चालू असतांनाच त्यांचीहि टांच दुखूं लागली, पण ती खालून, तळव्याच्या बाजूनें. ओट्याशीं अनवाणी, थंडगार फरशीवर, पहांटेपासून उभें राहावयाचें. आणि घरांत कोणाला सांगावयाचें नाहीं. तळपायाच्या जाड पट्ट्याचें हें दुखणें. क्ष-किरणांच्या चित्रांत टांचेचें हाड वाढलेलें दिसलें, आणि त्या घाबरल्या. तसें हाड अनेकांना असतें व त्यांना आयुष्यांत कधीं दुखत नाहीं, हें अस्थिवैद्यांनीं समजाविलें. त्या म्हणाल्या, "मलाहि त्या हातोड्याखालीं घाला म्हणजे झालें." पण रोम्पे यांच्याच २०१० सालच्या प्रयोगांत असें आढळलें आहे कीं, दुखणें सहा आठवड्यांच्या आंतलें असेल तर लहरींपेक्षां एक साधा ताण श्रेष्ठ ठरतो. बसून दुखरा पाय दुसऱ्या गुडघ्यावर ठेवावा, हातानें पायाचीं बोटें नडगीकडे ओढावीं, दहापर्यंत मोजावें. असें दहा वेळां, दिवसांतून तीनदां, आणि पहिली खेप अंथरुणांतून पाऊल खालीं ठेवण्यापूर्वीं. वहिनींनीं तें नेमानें केलें. ओट्यापुढें जाड गादी टाकली, आणि घरांत चपला घालण्यास आईनें आपणहून परवानगी दिली. आमच्या घरांत शेगडीपाशीं चपला, ही गोष्ट यंत्राहून मोठी क्रांति म्हणावी लागेल. दोन महिन्यांत त्यांचें दुखणें बरेंच ओसरलें.

पुतण्याला अधिक वेळ लागला. नवव्या आठवड्यांत त्यानें जेवतांना सहज सांगितलें कीं, आज भट्टीवरून कचेरीपर्यंत चालत गेलों आणि पायाची आठवणच झाली नाहीं. चौथ्या महिन्याअखेर जिन्यावरचा आवाज बदलला. पूर्ण बरा झाला असें मी म्हणणार नाहीं. कामाच्या पाळीनंतर अजून शीर ताठरते. यंत्रानें बरा झाला कीं पायरीवरच्या एकशेंऐशींनीं कीं नुसत्या काळानें, हें एका माणसावरून सांगतां येत नाहीं. तो स्वतः यंत्राला श्रेय देतो. मी पायरीला देतों.

यांत एक सल राहून गेला, तो लिहितों. त्याच कारखान्यांत खरा हातोडा चालविणारा, हातकणंगले तालुक्यांतला एक कंत्राटी कामगार आहे. त्याचीहि टांच तशीच सुजलेली. रोजंदारीचा माणूस, तीन बैठका म्हणजे फी वेगळी आणि तीन दिवसांची मजुरी वेगळी. उभ्यानें काम करणाऱ्यास मधून मधून बसण्याची सोय करावी, असें १९४८ सालच्या कारखान्यांच्या कायद्याच्या ४४ व्या कलमांत लिहिलें होतें. त्याला मात्र दिवसभर बसलेला पाहिल्याचें पुतण्यास आठवत नाहीं. पुतण्यानें आपल्या विभागांत तीन लांकडी बांकें ठेवविलीं आणि हातोड्याच्या जागीं उभें राहावयास रबराची चटई मागविली. त्याबद्दल वरिष्ठांकडून त्याला दोन शब्द ऐकावे लागले, पण बांकें राहिलीं.

गेल्या रविवारीं तो कामगार आमच्या घरीं आला होता. कारखान्यांत पायरी कोठें नाहीं, म्हणून पुतण्यानें त्याला आमच्याच जिन्याच्या शेवटच्या पायरीवर व्यायाम शिकविला. दोघे शेजारीं शेजारीं उभे राहून टांचा वर-खालीं करीत होते. आई आंतून मोजत होती. तेराव्याला ती थांबली आणि म्हणाली, "हा दुसरा कोण? याचें पाऊल जड आहे. याला चहा विचारा."